दुसऱ्याची ओढ वाचताना

एखाद्याने सांगून पाहावं, की मला दोरीने बांधून घेण्यात किंवा कुणाला बांधण्यात काडीचाही रस नाही, पण त्याबद्दलच्या शृंगारकथा मी आवडीने वाचतो. लगेच दोन बाजूंनी माणसं तुटून पडतात. एक बाजू म्हणते, कबूल करायला लाजतोस एवढंच. मनात नसतं तर वाचलं असतंस का? दुसरी स्वतःला उदार समजते. ती म्हणते, ज्याची त्याची आवड, कथा म्हणजे नुसती कल्पना, त्यात बोलण्यासारखं आहेच काय? पहिली बाजू वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. दुसरी खटला काढून टाकते खरा, पण कथेबद्दल दोन शब्द बोलायची सोयही त्याबरोबर काढून टाकते. अलीकडे तिसरा सूरही ऐकू येतो: जी आवड तुमची नाही ती तुम्ही गंमत म्हणून चाळता, म्हणजे आमच्या खाजगी आयुष्याचा तमाशा बघता. तिघांचं आपसात पटत नाही, पण एक समजूत तिघांनीही न तपासता धरून ठेवली आहे. कामुक कथा वाचणाऱ्याला तिच्यात घडणारी कृतीच हवी असते, ही ती समजूत. माझ्या मते चूक तिथेच आहे. अशा कथेत वाचकाला धरून ठेवते ती कुणाची तरी ओढ. ती ओढ कशाची आहे, हे पात्राच्या दृष्टीने सर्वस्व असेल. वाचकाच्या दृष्टीने ते बऱ्याचदा दुय्यम असतं. त्यामुळे आपली नसलेली किंक (म्हणजे रूढ चाकोरीबाहेरची लैंगिक आवड) असलेली कथा आवडणं हा छुप्या इच्छेचा पुरावा ठरत नाही आणि कुणाचा अपमानही ठरत नाही. (हे सगळं प्रौढांनी, प्रौढांबद्दल, प्रौढांसाठी लिहिलेल्या कथांपुरतं आहे. त्या कुंपणाबाहेरचं काहीही इथे मला अभिप्रेत नाही.)

ओढ म्हणजे नेमकं काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. प्रसंग कल्पित आहे. कचेरीतली बैठक लांबली आहे. टेबलाखाली एका बाईने टाच बुटातून बाहेर काढली आहे आणि बूट नुसता बोटांवर तोलून धरला आहे. समोर बसलेल्या पुरुषाची नजर तिथे जाते. बूट हलतो, थांबतो, आता पडेल असं वाटतं, पडत नाही. त्याला कुणीतरी गेल्या तिमाहीचे आकडे विचारतं. प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागतो. हातातला कागद मुद्दाम खाली पाडावा असा विचार त्याच्या मनात येतो, आणि आला म्हणून त्याचे कान तापतात. पान उलटल्यावर कळतं, की दोघं नवरा-बायको आहेत, सकाळी निघतानाच तिने त्याला बजावलं होतं की आज काय होईल ते बघच, आणि ती हे सगळं त्याच्याकडे एकदाही न पाहता करते आहे. मला पायांचं आकर्षण शून्य. त्या बुटाच्या जागी पेपरवेट असता तरी माझ्या नाडीला काही फरक पडला नसता. पण चारचौघांत लक्ष नको तिथे अडकणं, प्रश्न ऐकू न येणं, आपलं मन चेहऱ्यावर दिसतंय की काय ही धास्ती, आणि हे सगळं घडवून आणणारं माणूस निवांत बसलेलं असणं, हे मला पुरेपूर कळतं. लेखकाने मला पायांची आवड लावली नाही. त्या माणसाचं वेडावणं त्याने माझ्या हातात दिलं, आणि ते पेलायला पायांची आवड असावी लागत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे रहस्यकथेसारखं नाही. खुनाची गोष्ट वाचून कुणाला खून करावासा वाटत नाही हे ठीक. पण कामुक कथा थेट शरीराला हात घालते. मन थापा मारेल, शरीर मारत नाही. वाचताना अंग तापलं असेल तर ‘मला यात रस नाही’ या म्हणण्याला अर्थ काय उरतो? आक्षेप टोलवण्यासारखा नाही. शृंगारकथा शरीरापर्यंत पोहोचते, पोहोचावी म्हणूनच ती लिहिलेली असते, आणि पोहोचली नाही तर ती फसलेली असते. आपण फक्त भाषेचं सौंदर्य पाहत होतो असं सांगणाऱ्या वाचकावर माझाही विश्वास नाही.

पण शरीर काय सांगतं आणि आपण त्याचा काय अर्थ लावतो, यात अंतर आहे. लैंगिक उत्तेजनेवरच्या १३२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० साली मेरेडिथ चिव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी घेतला. माणूस स्वतः जी उत्तेजना जाणवल्याचं सांगतो ती आणि उपकरणाने मोजलेला जननेंद्रियांचा प्रतिसाद यांचा मेळ किती, हा प्रश्न होता. पूर्ण मेळ म्हणजे १ धरला, तर पुरुषांत तो सहसंबंध ०.६६ निघाला, स्त्रियांत ०.२६. म्हणजे पुरुषांतही दोन्ही गोष्टी पूर्ण जुळत नाहीत, आणि स्त्रियांत तर शरीराच्या प्रतिसादावरून मनाचा अंदाज बांधणं जवळपास अंधारात तीर मारण्यासारखं. शरीर खोटं बोलत नाही हे खरं असेलही. पण त्याला विचारला गेलेला प्रश्न ‘हे कामुक आहे का’ एवढाच असतो, आणि आपण त्याचं उत्तर ‘हे तुला हवं आहे का’ या प्रश्नाखाली लिहून मोकळे होतो.

आपल्याकडच्या रसविचाराला हा पेच नवा नव्हता. नाट्यशास्त्रात स्वेद, रोमांच, कंप, अश्रू असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, आणि तिथेच प्रश्न येतो की ज्याला दुःख झालेलं नाही तो नट दुःखाचे अश्रू आणणार कुठून? उत्तर असं, की ते मनाच्या एकाग्रतेतून येतात. अश्रू खरे असतात, पाणी खरं असतं; नटाचं मात्र कुणी गेलेलं नसतं. प्रेक्षकाच्या बाजूने हीच गाठ भट्टनायक आणि अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्यांनी साधारणीकरणाच्या विचाराने सोडवली: रंगमंचावरची भावना ‘माझी’ही नसते आणि ‘त्या परक्याची’ही नसते, तिच्यावरची मालकीची खूणच गळून पडते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. विसाव्या शतकात न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधी मांडली, तिचाही आशय याच घरातला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही, आणि आनंद या दुहेरी असण्यात आहे. यावर मराठीत वाद पुष्कळ झाले. गंमत अशी, की करुण, भयानक, बीभत्स या रसांच्या बाबतीत आपण हे सगळं डोळे मिटून मान्य करतो. शोकांतिका पाहून रडणाऱ्याला आपण ‘तुला आतून कुणीतरी मरावंसं वाटतं का’ असं विचारत नाही. रसांत पहिला मान ज्याला दिला त्या शृंगाराची वेळ आली, की एकदम साधारणीकरण रद्द, आणि प्रेक्षकाची झडती सुरू.

छुप्या इच्छेचा आक्षेप मात्र पूर्ण फेटाळता येत नाही, आणि तो पूर्ण फेटाळणारे उदारमतवादी वादाचं नुकसान करतात. पुष्कळांना स्वतःची आवड आधी वाचनातच सापडते. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, आणि त्या असण्याला शब्द आहेत, हे एखाद्या कथेतून कळलं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८८६ साली लैंगिक ‘विकृतीं’चा ग्रंथ काढला, तेव्हा ऐऱ्यागैऱ्याने वाचू नये म्हणून उघड वर्णनाचा भाग लॅटिनमध्ये ठेवला. तरी लोकांनी तो वाचलाच, आणि वर ‘हा तर मी’ असं म्हणत त्याला आपापल्या हकीकती लिहून पाठवल्या; त्यातल्या कित्येक पुढच्या आवृत्त्यांत गेल्या. याच माणसाने लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख या हयात कादंबरीकाराच्या नावावरून ‘मॅसोकिझम’ (दुसऱ्याच्या ताब्यात जाण्यात, वेदना सोसण्यात सुख मिळणं) ही संज्ञा रूढ केली. म्हणजे एका लेखकाच्या कथा वाचल्या आणि त्याच्या नावाचं निदान करून टाकलं. आता माझ्या मांडणीला अडचणीची गोष्ट ही, की झाखर-माझोखच्या बाबतीत निदान बरोबर होतं. तो कादंबरीत लिहायचा तसे, बाईचा गुलाम होण्याचे करार प्रत्यक्षातही करत असे. लेखन आणि इच्छा यांचा काही संबंधच नसतो, असं कुणी म्हणणार असेल तर त्याला हे एक नाव पुरे आहे.

तर संबंध असू शकतो. मुद्दा असा, की तो कथेवरून ओळखता येत नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १,५१६ प्रौढांना ५५ लैंगिक कल्पनांबद्दल विचारणारा एक अभ्यास आहे, क्रिस्तियाँ जोयाल आणि सहकाऱ्यांचा. तिथे खरोखर विरळ म्हणाव्यात अशा कल्पना दोनच निघाल्या. आपण ज्यांना चमत्कारिक समजतो त्यातल्या बहुतेक चांगल्याच प्रचलित होत्या. त्याहून कामाचं असं, की शरणागतीच्या टोकाच्या कल्पना सांगणाऱ्या अनेक स्त्रियांनी सोबत हेही नोंदवलं की हे प्रत्यक्षात कधीही व्हायला नको. पुरुषांत मात्र कल्पना आणि इच्छा यांच्यातली ही रेघ बरीच पुसट होती. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासात आहेत, आणि आपापल्या सोयीची तेवढी उचलायची खोड दोन्ही पक्षांना आहे.

शिवाय हे सगळं कल्पनारंजनाबद्दल झालं. कथा वाचणं ही आणखी वेगळी गोष्ट. दिवास्वप्नात सगळा कारभार माझा असतो: कोण येणार, काय होणार, कुठे थांबायचं. कथेत मी पाहुणा. कुणाची तरी मांडामांड, कुणाचा तरी वेग, मला कधीच सुचलं नसतं असं काहीतरी. दिवास्वप्नावरून माणसाच्या इच्छेचा थोडाफार माग लागत असेल. दुसऱ्याने रचलेल्या गोष्टीत मी रमलो यावरून फार तर तिच्या रचणाऱ्याचं कसब कळेल. आणि या दोन्हींपेक्षा चित्रफितीचा प्रश्न निराळा, कारण तिच्यात खऱ्या माणसाचं खरं शरीर असतं आणि त्याची संमती, त्याचा मोबदला, त्याच्यावरची सक्ती हे सगळे प्रश्न तिच्यासोबत येतात. कथेतली बाई कुणाची मुलगी-बहीण नसते, ती शाईची असते. या तिन्ही गोष्टी एका पोत्यात भरून ‘कामुक मजकूर’ असा शिक्का मारला, की वाद कायमचा आंधळा होतो.

वात्स्यायनाने हा घोळ फार पूर्वी ओळखला होता. ज्या क्रियांबद्दल त्याला स्वतःला शंका होती त्याही त्याने लिहिल्या, आणि मग बजावलं की एखादी गोष्ट शास्त्रात आहे एवढ्यावरून ती करावी असं होत नाही. वैद्यकात कुत्र्याच्या मांसाचेही गुणधर्म सांगितलेले असतात, म्हणून शहाणी माणसं ते खातात का? शास्त्राचा आवाका मोठा असतो, प्रयोग ज्याच्या त्याच्यापुरता. वर्णन आणि शिफारस यांतला फरक त्या काळच्या वाचकाला समजेल असं तो धरून चालतो.

एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने वाचकावरचा तो विश्वास काढून घेतला. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची जी कसोटी घालून दिली ती अशी, की ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावाला खुली आहेत त्यांना मजकूर बिघडवेल का. खटल्यातली पुस्तिका मुळात चावटपणासाठी लिहिलेलीच नव्हती; कॅथलिक पाद्री पापनिवेदनाच्या वेळी स्त्रियांना कसले प्रश्न विचारतात, ते चव्हाट्यावर मांडणारं ते प्रचारपत्रक होतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४ साली हीच कसोटी उचलून धरली आणि थेट २०१४ मध्ये ती सोडली. मला या कसोटीत कायम एक गोष्ट खटकत आली आहे. तक्रार करणाऱ्याने मजकूर वाचला. पोलिसाने वाचला. वकिलांनी खुणा करकरून वाचला, न्यायाधीशांनी सावकाश वाचला. यांपैकी कुणीही बिघडलं नाही. ‘माझ्या आवडीचं नाही, तरी मी वाचू शकतो आणि वाचून जसाच्या तसा राहू शकतो’ ही क्षमता प्रत्येकाने स्वतःला विनासायास बहाल केली, आणि फक्त बाहेरच्या अनाम वाचकाला नाकारली. मग तो वाचक तेच वाक्य बोलतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास का?

तिसरा आक्षेप मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. ज्यांची ती आवड आहे त्यांनी तिच्यापायी चेष्टा सोसलेली असते, नाती गमावलेली असतात, डॉक्टरसमोर बसून आपण रोगी नाही हे पटवून दिलेलं असतं. (अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेनेही वेगळी आवड आणि विकार असा स्पष्ट फरक केला तो २०१३ च्या आवृत्तीत. त्रास किंवा दुसऱ्याला इजा नसेल तर निदान नाही.) आणि इथे कुणीतरी हौशी माणूस येतो, त्यांच्या आयुष्यातला मसाला तेवढा चाखतो आणि निघून जातो. जपानमध्ये हा वाद प्रत्यक्ष झाला. पुरुष-पुरुष प्रेमाच्या कथा तिथे १९७० च्या दशकापासून मुख्यतः स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिल्या आणि चितारल्या. १९९२ साली एका समलिंगी पुरुषाने स्त्रीवादी छोट्या नियतकालिकात लिहिलं, की या कथांचा माझ्यासारख्यांशी काही संबंध नाही, आमच्या प्रेमाचं तुम्ही खेळणं केलं आहे. वाद काही वर्षं चालला. त्याचं म्हणणं वाचताना कुणालाही अस्वस्थ वाटावं, आणि ‘अहो, कथाच तर आहे’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

पण तो नेमकं कशावर बोट ठेवत होता? परक्याने वाचण्यावर, की परक्याने धड न पाहता लिहिण्यावर? दोरीच्याच कथा घ्या. वाईट कथेत दोरी म्हणजे सजावट. मनगटं कुठेतरी आवळली जातात, गाठीचं काय होतं कुणी सांगत नाही, बांधणारा बांधलेल्याला एकटं टाकून खोलीबाहेर निघून जातो आणि लेखकाला त्यात थरार वाटतो. ज्याने हे प्रत्यक्ष केलं आहे त्याच्या अंगावर इथे काटा येतो, कारण दंडाभोवती चुकीच्या जागी ताण आला तर शीर नव्हे, मज्जातंतू दबतो. अंगठ्याच्या मागे बधिरपणा येतो, कधीकधी मनगट उचलता येईनासं होतं आणि ते पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. चांगल्या कथेतली बांधणारी बाई दोरी आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं सरकवून बघते. हात मिटून दाखव म्हणते. बोथट टोकाची कात्री हाताशी आहे की नाही, हे गाठ मारण्याआधी पाहून घेते, आणि ठरलेला शब्द एकदा त्याच्याकडून म्हणवून घेते. गाठी सुटल्यावर पुढची दोन पानं कुणी काही करत नाही. दोरीचे वळ चोळत दोघं पांघरुणात बसून असतात. आता गंमत बघा. मला दोरी बांधून घ्यायची नाही, पण ती दोन बोटं सरकवण्याची जागा वाचताना माझा श्वास अडकतो. कारण तिथे कळतं की इतका वेळ चाललेला हुकूम आणि ही काळजी एकाच हातातून येते आहे. आतल्या माणसाला जे खरं म्हणून पटतं, बाहेरच्या वाचकाला बहुतेक वेळा तेच भिडतं. वाईट कथा दोघांनाही फसवते, आतल्याला त्याचं आयुष्य खोटं दाखवून आणि बाहेरच्याला काहीच न दाखवता.

म्हणूनच ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय बंद करणाऱ्यांवर माझा राग थोडा जास्तच आहे. आवडीवर वाद नसेल, कथेवर हवा. संमतीचा प्रश्न सोयीस्करपणे गाळणारी कथा, पात्राऐवजी अवयवांची यादी देणारी कथा, एखाद्या किंकला फक्त बालपणीच्या दुखण्याचं लक्षण करून शेवटी ‘बरी’ करणारी कथा, यांना वाईट म्हणायला आतलं असण्याचा दाखला लागत नाही. इतर कुठल्याही साहित्यप्रकाराला आपण जी टीका बिनदिक्कत लावतो ती शृंगारकथेला लावत नाही. उदारपणाच्या नावाखाली तिला साहित्याच्या पंगतीतून उठवण्याचाच हा प्रकार झाला. आणि एखादी कथा सहन झाली नाही म्हणून मध्येच मिटून ठेवायलाही कुणाची परवानगी लागू नये. मीही मिटल्या आहेत. त्याने ती आवड असणाऱ्यांबद्दल माझं मत खालावत नाही, आणि त्यांनीही माझ्याकडून टाळ्यांची अपेक्षा धरू नये.

राहता राहिली ती अट, की ज्याची आवड त्यानेच वाचावं, त्यानेच लिहावं. ती अमलात आणायची कशी? पुस्तक उघडण्याआधी प्रत्येकाने आपल्या शयनगृहाचा जबाब द्यायचा? अशी झडती सुरू झाली तर माझ्यासारख्या हौशी वाचकाचं फार काही बिघडणार नाही. तो दुसरं पुस्तक उचलेल. अडकेल तो, ज्याला अजून स्वतःबद्दल काहीच ठरवता आलेलं नाही. ‘ही माझी आवड नव्हे, मी नुसतं वाचतो’ हे वाक्य आज त्यालाही उपलब्ध आहे आणि मलाही. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं असेल, त्याच्या बाबतीत ते आणखी दोन वर्षांनी खोटं ठरेल. बाहेरून पाहणाऱ्याला आमच्यात फरक दिसत नाही, आणि तो दिसत नाही म्हणूनच त्याला ती दोन वर्षं मिळतात.